तुमची ४० सेकंदांची क्लिप उडते आणि दुसऱ्याची दहा मिनिटांची राहते, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पिक्चरमधला ४० सेकंदांचा सीन यूट्यूबवर टाकला, तासाभरात ब्लॉक झाला, आणि त्याच पिक्चरचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे दुसऱ्या एका चॅनलवर तीन वर्षं आरामात पडून आहेत. मग कंपन्या नक्की ठरवतात कसं, कोणी बसून बघतं का, आणि हा सरळसरळ पक्षपात नाही का? मी बरीच वर्षं ह्याच कामात आहे, कंटेंट कंपनीच्या बाजूने क्लेम (हा माल आमचा असा दावा), टेकडाउन (व्हिडिओ काढायला लावणं), डिस्प्यूट (त्या दाव्यावर हरकत) हे सगळं रोज हाताळते, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. तुमचा व्हिडिओ कोणी माणसाने बघितला असण्याची शक्यता फार म्हणजे फारच कमी. तुमच्या क्लिपचं काय करायचं हे तुम्ही ती कापायला घेतलीत त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं होतं, एका शीटवर, आणि ती शीट अंमलात आणायचं काम मशीन करतं.

यूट्यूबवर ह्या मशीनचं नाव कंटेंट आयडी, २००७ पासून चालू आहे. कंपनी आपला पिक्चर, एपिसोड, गाणं जे काय असेल त्याची पूर्ण फाइल सिस्टीमला देते, तिला आम्ही रेफरन्स म्हणतो. सिस्टीम त्यातून आवाजाचा वेगळा आणि चित्राचा वेगळा ठसा काढून ठेवते आणि मग जगात कुठेही कोणीही काही अपलोड केलं की ते ह्या ठशांशी ताडून बघते, जुळलं की क्लेम. क्वालिटी खराब असली, कोपऱ्यात स्वतःचा लोगो टाकला, सबटायटल चिकटवले तरी ठसा बहुतेक वेळा जुळतो. प्रत्येक रेफरन्ससोबत कंपनी सांगून ठेवते की जुळल्यावर करायचं काय: ब्लॉक करा, किंवा व्हिडिओ राहू द्या पण जाहिरातीचे पैसे आमच्याकडे वळवा, किंवा नुसतं लक्ष ठेवा आणि आकडे द्या. तीनच पर्याय, पण खरी गंमत त्यांच्या अटींमध्ये आहे, कारण हे देशागणिक वेगळं ठेवता येतं आणि मॅच किती लांबीचा आहे त्यावरही वेगळं ठेवता येतं.

एखाद्या पिक्चरची शीट साधारण कशी असते सांगते. ट्रेलर आणि प्रोमो, कोणीही उचलले तरी राहू द्या, पैसे आमचे. मूळ पिक्चर थिएटरमध्ये चालू आहे तोवर जगभर ब्लॉक, तुकडा दहा सेकंदांचा का असेना. ओटीटीवर गेला की ज्या प्लॅटफॉर्मने एक्सक्लुझिव्ह हक्क घेतलेत त्याच्या करारात जे लिहिलंय ते, म्हणजे बहुतेक वेळा काही मिनिटांच्या वरचा मॅच ब्लॉक आणि त्याखालचा कमाईवर. ज्या देशाचे हक्क दुसऱ्याला विकले तिथे आम्ही हात लावत नाही, तिथली पॉलिसी तिथला डिस्ट्रिब्युटर ठरवणार. आणि मग पिक्चर जुना होत जातो तशी शीट ढिली होत जाते, दोन-चार वर्षांनी जवळजवळ सगळं 'राहू द्या, पैसे घ्या' वर येतं. म्हणजे तुमचे ४० सेकंद त्या पिक्चरच्या आयुष्यात कधी येतात ह्यावर सगळं अवलंबून आहे. रिलीजच्या आठवड्यात टाकलेत तर उडणार, तीच क्लिप तीन वर्षांनी टाकलीत तर तिच्यावर गुपचूप जाहिराती चालू होतील आणि तुम्हाला फक्त एक मेल येईल.

आता ते दुसरं चॅनल. बाहेरून तुम्हाला फक्त 'ह्याचं राहिलं, माझं उडालं' एवढंच दिसतं, पण त्याच्यामागे वेगवेगळी कारणं असू शकतात. एक, त्याच्याकडे लायसन्स आहे आणि कंपनीने त्याला सूट असलेल्या चॅनलांच्या यादीत टाकलंय, तिथे क्लेम लागतच नाही. दोन, क्लेम लागलाय पण कमाईवाला, तो फुकट राबतोय आणि पैसे कंपनी घेतेय, हे तर सर्रास. तीन, तुमच्या देशात दिसतंय आणि दुसऱ्या देशात ब्लॉक आहे. चार, त्याने चित्र उलटं केलंय, स्पीड किंचित वाढवलाय, आवाजाचा पिच हलवलाय, चित्र छोटं करून मध्ये ठेवलंय आणि आजूबाजूला कसलं तरी बॅकग्राउंड, म्हणजे मशीनला चकवलंय आणि अजून कोणाच्या नजरेत आलेला नाही. हा शेवटचा प्रकार कायम टिकत नाही, कारण मशीन सुधारलं की जुन्या अपलोडवरही मॅच लागतो आणि एके दिवशी चॅनलवरच्या सत्तर व्हिडिओंवर एकदम क्लेम येतात.

आणि पाचवं कारण, जे कंपन्या मोकळेपणाने सांगत नाहीत: कधीकधी ती क्लिप कंपनीच्याच मार्केटिंगने बाहेर सोडलेली असते.

ह्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कोर्टात आलेलं आहे. एमटीव्हीची मालक असलेल्या व्हायकॉम ह्या अमेरिकन कंपनीने मार्च २००७ मध्ये यूट्यूबवर १ अब्ज डॉलरचा दावा ठोकला, आमच्या कार्यक्रमांच्या हजारो क्लिप तुमच्याकडे चोरून पडल्यात म्हणून. त्याच्या आदल्याच महिन्यात त्यांनी १ लाखाहून जास्त क्लिप काढायला लावल्या होत्या. मग २०१० मध्ये कोर्टाची कागदपत्रं खुली झाली तेव्हा यूट्यूबने सांगितलं की हीच कंपनी किमान १८ मार्केटिंग एजन्सींमार्फत स्वतःचे व्हिडिओ गुपचूप यूट्यूबवर टाकत होती, ते चोरीचे वाटावेत म्हणून मुद्दाम खराब करून, खोट्या ईमेलवर अकाउंट उघडून, आणि माग लागू नये म्हणून माणसांना ऑफिसबाहेर झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर पाठवून. यूट्यूबच्या म्हणण्यानुसार त्यांनी आपल्याच लोकांनी टाकलेले काही व्हिडिओ काढायला लावले आणि मग परत चालू करा म्हणून विनंती केली. बाहेरच्या लोकांना हे वाचून हसू आलं असेल, पण मार्केटिंग आणि लीगलमधली ही ओढाताण आतून बघितलेल्या कोणालाही ह्यात नवल वाटणार नाही. मार्केटिंगला क्लिप फिरायला हवी असते, लीगलला प्रत्येक क्लिप म्हणजे करारभंग दिसतो, आणि शीट भरणारे आम्ही मध्ये. केसचं म्हणाल तर २०१० मध्ये यूट्यूब जिंकलं, २०१२ मध्ये अपिलात ती परत खाली पाठवली गेली, २०१३ मध्ये यूट्यूब पुन्हा जिंकलं आणि मार्च २०१४ मध्ये दोघांनी मिटवून टाकलं.

त्याच्याही आधी, डिसेंबर २००५ मध्ये एनबीसी ह्या अमेरिकन टीव्ही कंपनीच्या सॅटर्डे नाइट लाइव्ह ह्या विनोदी कार्यक्रमातली दोन-अडीच मिनिटांची एक रॅपची क्लिप कोणीतरी यूट्यूबवर टाकली, लाखो लोकांनी बघितली, जुन्या झालेल्या कार्यक्रमाची अचानक चर्चा सुरू झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये एनबीसीने ती काढायला लावली. आणि जूनमध्ये त्याच एनबीसीने यूट्यूबशी प्रमोशनचा करार केला! चार महिन्यांत घूमजाव. मला वाटतं पुढची वीस वर्षं सगळ्या इंडस्ट्रीने हेच मोठ्या प्रमाणावर केलंय, आधी काढा म्हणून ओरडायचं, मग आकडे बघायचे, मग त्यातून पैसे कसे येतील ते बघायचं.

पैशांचं गणित बघितलंत की पुढचं आपोआप कळेल. यूट्यूबच्याच आकड्यांप्रमाणे कंटेंट आयडीच्या क्लेमपैकी ९० टक्क्यांहून जास्त ठिकाणी हक्कदार व्हिडिओ काढत नाहीत, कमाईवर ठेवतात. डिसेंबर २०२२ पर्यंत ह्या मार्गाने हक्कदारांना ९ अब्ज डॉलर मिळाले होते. म्हणजे जे लोक म्हणतात की कंपन्यांना फॅन व्हिडिओंचा राग असतो त्यांना सांगावंसं वाटतं की बाबांनो, तुमच्या फॅन व्हिडिओंवर काही लोकांचे पगार होतात. गेमवाल्यांचंही तेच झालं, निन्टेंडोने २०१३ मध्ये त्यांच्या गेम खेळतानाच्या व्हिडिओंवर क्लेम लावून सगळी कमाई घ्यायला सुरुवात केली, बोंबाबोंब झाली, मग २०१५ मध्ये कमाई वाटून घ्यायचा कार्यक्रम आणला, आणि २०१८ च्या शेवटी तोही बंद करून साधे नियम जाहीर केले की ह्या मर्यादेत राहून बनवा आणि कमवा. माझ्या मते हाच शहाणपणाचा रस्ता होता, पण तिथे पोचायला पाच वर्षं लागली.

लाइव्ह खेळ हा मात्र वेगळाच प्राणी आहे. पिक्चरची क्लिप उद्या काढली तरी काही बिघडत नाही, सामना संपला की त्याची किंमत संपली, त्यामुळे तिथे कमाई वगैरे भानगड नाही, सरळ ब्लॉक आणि तोही मिनिटांत. मे २०१५ मध्ये मेवेदर आणि पॅक्विआओची बॉक्सिंगची लढत झाली तेव्हा लोक घरचा टीव्ही फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून पेरिस्कोप ह्या लाइव्ह व्हिडिओच्या ॲपवर दाखवत होते. पेरिस्कोपकडे ६६ तक्रारी गेल्या, ३० स्ट्रीम बंद झाले, बाकीचे तोवर संपलेच होते. म्हणून आता मोठ्या सामन्यांच्या वेळी सामन्याचं चालू प्रक्षेपणच रेफरन्स म्हणून सिस्टीमला जोडतात आणि वर माणसंही बसवतात. तुमच्या 'कोणी बसून बघतं का' ह्या प्रश्नाचं खरं 'हो' बहुतेक इथेच आहे, सामन्याच्या रात्री आणि रिलीजच्या वीकेंडला.

मशीन चुकतं का? चुकतं, आणि बऱ्याचदा चूक मशीनची नसून रेफरन्स देणाऱ्याची असते. रेफरन्स देण्याआधी तो साफ करावा लागतो, म्हणजे सीनमध्ये टीव्हीवर दुसऱ्या कोणाची बातमी चालू आहे, मध्ये जुनं आर्काइव्ह फुटेज वापरलंय, पार्श्वसंगीत स्टॉक लायब्ररीतून घेतलंय जे अजून हजार जणांनी घेतलंय, असे सगळे भाग टाइमकोड लिहून वगळायचे. कंटाळवाणं काम आहे, ज्युनिअर माणसाच्या गळ्यात मारलं जातं, रिलीजच्या घाईत राहून जातं, आणि मग त्या स्टॉक म्युझिकवरून आमचा पिक्चर जन्मात न बघितलेल्या माणसाच्या लग्नाच्या व्हिडिओवर क्लेम लागतो. न्यूज चॅनलवाले ह्यात सगळ्यात बेफिकीर, त्यांचं अख्खं बुलेटिन रेफरन्स म्हणून जातं, आणि त्यात दुसऱ्यांचं फुटेज भरलेलं असतं. ऑगस्ट २०१२ मध्ये नासाचं क्युरिऑसिटी यान मंगळावर उतरलं आणि नासाचा स्वतःचा व्हिडिओ नासाच्याच चॅनलवरून ब्लॉक झाला, स्क्रिप्स न्यूजच्या क्लेममुळे. पुढच्याच महिन्यात विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांचं लाइव्ह प्रक्षेपण यूस्ट्रीम ह्या साइटवर चालू असताना मधेच तुटलं, कारण नॉमिनेशनच्या क्लिप दाखवल्या होत्या. त्या रीतसर परवानगीने दिलेल्या होत्या, पण मशीनला परवानगी माहीत असायचं काही कारण नाही, त्याला फक्त जुळलं की नाही एवढंच कळतं. आणि ऑस्ट्रेलियातल्या एका संगीतकाराने स्वतः बनवलेल्या दहा तासांच्या नुसत्या खरखराटाच्या व्हिडिओवर पाच क्लेम लागले होते, हे जानेवारी २०१८ मध्ये बातम्यांत आलं होतं. खरखराटावर!

ह्यापेक्षा वाईट म्हणजे मुद्दाम केलेली फसवणूक. अमेरिकेत दोघांनी ५० हजारांहून जास्त स्पॅनिश गाणी आपलीच आहेत असं सांगून मध्यस्थ कंपनीमार्फत कंटेंट आयडीमध्ये घातली आणि काही वर्षांत २ कोटी डॉलरच्या वर रॉयल्टी लाटली, २०२१ मध्ये आरोपपत्र आलं आणि पुढे शिक्षा झाली. टेकडाउनचाही असाच दुरुपयोग होतो, एक माणूस खोटे टेकडाउन पाठवून, म्हणजे चॅनलवर स्ट्राइक (चॅनल बंद होण्यापर्यंत नेणारा ठपका) आणून, गेमच्या चॅनलवाल्यांकडून पैसे उकळत होता, २०१९ मध्ये यूट्यूबनेच त्याच्यावर केस केली आणि तो २५ हजार डॉलर भरून सुटला.

आता क्लेम आणि स्ट्राइक ह्यातला फरक नीट समजून घ्या, कारण निम्मे लोक इथेच घाबरतात. क्लेम म्हणजे वर सांगितलेलं मशीन, त्याने चॅनलला धोका नाही, फार तर तो एक व्हिडिओ दिसणार नाही किंवा पैसे जातील. स्ट्राइक येतो तो कायदेशीर टेकडाउनमुळे, म्हणजे अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्याखाली कंपनीने लेखी कळवलं की हे आमचं आहे, काढा. साइटने ते लवकर काढलं तर साइटवर जबाबदारी येत नाही, म्हणून साइट आधी काढते, वाद नंतर. असे तीन स्ट्राइक ९० दिवसांत आले तर चॅनल बंद. आम्ही स्ट्राइक सहसा राखून ठेवतो, अख्खा पिक्चर टाकणारे, पुन्हा पुन्हा मशीन चकवणारे, रिलीजआधी लीक करणारे, अशांसाठी. काही कंपन्या हे काम बाहेरच्या एजन्सीला देतात आणि 'महिन्याला किती काढले' ह्या आकड्यावर त्यांना मोजतात, तिथे मग रिव्ह्यू, बातम्या, सगळंच झोडपलं जातं. माझा ह्या पद्धतीला सरळ विरोध आहे, मोजायचंच असेल तर चुकीचे किती काढले ते मोजा.

'अमुक सेकंदांपर्यंत चालतं' हे ऐकून ऐकून कान किटलेत. असा नियम अमेरिकेत नाही. तिथे फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय वापरायची कायदेशीर सूट, बघताना कशासाठी वापरलंय, मूळ कृती कशी आहे, किती आणि कोणता भाग घेतला, मूळच्या बाजारावर काय परिणाम, हे सगळं एकत्र तोलतात. सेकंदांच्या जवळपास जाणारी गोष्ट मला माहीत आहे ती जर्मनीच्या २०२१ च्या कायद्यात, तिथे १५ सेकंदांपर्यंतचा तुकडा आपोआप ब्लॉक करू नये असं आहे, पण त्यालाही अटी आहेत, मूळ कृतीच्या निम्म्याहून कमी हवा, त्यात स्वतःचं काही मिसळलेलं हवं, कमाई नसावी किंवा नगण्य असावी. 'क्रेडिट टू ओनर' लिहून तर काहीच होत नाही, उलट तुम्हीच कबूल करताय की माल दुसऱ्याचा आहे.

फेअर यूजमध्ये दम मात्र आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका आईने २००७ मध्ये २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला, तिचं बाळ स्वयंपाकघरात प्रिन्स ह्या गायकाच्या गाण्यावर नाचतंय, गाणं मागे अस्पष्ट ऐकू येतंय, आणि युनिव्हर्सल ह्या म्युझिक कंपनीने तो काढायला लावला. ती कोर्टात गेली, आणि २०१५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की टेकडाउन पाठवण्याआधी कंपनीने फेअर यूजचा विचार केलाच पाहिजे. त्यानंतर आमच्याकडे टेकडाउनच्या फॉर्मआधी एक माणूस व्हिडिओ उघडून बघणार आणि दोन ओळी लिहिणार अशी पद्धत आली, अनेक कंपन्यांत आली. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने एका रिअॅक्शन व्हिडिओला फेअर यूज ठरवलं, कारण त्यात मूळ व्हिडिओ थांबवून थांबवून त्याची चिरफाड केली होती. पण त्याच निकालात म्हटलंय की सगळेच रिअॅक्शन व्हिडिओ ह्यात बसत नाहीत, म्हणजे कोपऱ्यात तोंड दाखवून अख्खा एपिसोड चालवणाऱ्यांनी खूश होऊ नये.

डिस्प्यूट करायचा तर तारखा लक्षात ठेवा. क्लेम आल्यापासून पाच दिवसांच्या आत डिस्प्यूट टाकलात तर पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखून ठेवतात, नंतर टाकलात तर टाकल्या दिवसापासूनची. कंपनीला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात आणि उत्तर दिलं नाही तर क्लेम आपोआप सुटतो, आणि खरं सांगू का, कितीतरी क्लेम असेच सुटतात कारण समोर बसलेल्या माणसाच्या रांगेत शेकडो पडलेले असतात. यूट्यूबच्या २०२१ च्या पहिल्या सहामाहीच्या रिपोर्टमध्ये ७२ कोटींहून जास्त क्लेम होते, त्यातल्या एक टक्क्याहूनही कमी लोकांनी डिस्प्यूट केलं, आणि ज्यांनी केलं त्यांच्यातले साधारण ६० टक्के जिंकले. कारणाच्या रकान्यात चिडून निबंध लिहू नका, 'अमुक मिनिटाला अमुक सीन घेतलाय, त्याच्यावर मी हे हे बोलतोय, लायसन्स असेल तर त्याचा नंबर हा' एवढंच लिहा, आमच्याकडे ते दोन मिनिटांत बघून सोडता येतं. डिस्प्यूट फेटाळला तर अपील, तिथे कंपनीला ७ दिवस, पण अपील फेटाळायचं तर कंपनीला टेकडाउनच पाठवावा लागतो, म्हणजे तुम्हाला स्ट्राइक. त्यावर काउंटर नोटीस, म्हणजे व्हिडिओ चुकीचा काढलाय असं लेखी उत्तर, देता येते, मग १० कामकाजाच्या दिवसांत कंपनीने केस केल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येतो, पण त्या नोटिशीत तुमचं खरं नाव-पत्ता कंपनीकडे जातो, हे माहीत असू द्या.

तुमच्या ४० सेकंदांबद्दल बोलायचं तर वर्णनावरून तो नुसता सीन आहे, तुमचं त्यात काही बोलणं नाही, आणि पिक्चर अजून ब्लॉकच्या काळात दिसतोय. असा डिस्प्यूट माझ्यासमोर आला असता तर मीही फेटाळला असता. अपिलाच्या नादी लागू नका. यूट्यूब स्टुडिओमध्ये क्लेम उघडला की नेमका कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंत मॅच आहे ते दिसतं, बाकीचा व्हिडिओ तुमचा असेल तर तेवढा भाग तिथेच ट्रिम करा, व्हिडिओची लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात आणि प्रोसेसिंग संपलं की क्लेम निघून जातो. अख्खा व्हिडिओच तो सीन असेल तर सरळ डिलीट करा आणि पिक्चर जुना होईपर्यंत थांबा.